गव्हाचा भाव आणि ब्लेनहाइमच्या अमेरिकन सुना

१८९४ साली इंग्लंडच्या बाजारात गव्हाचा सरासरी भाव क्वार्टरला २२ शिलिंग १० पेन्सांवर उतरला. क्वार्टर म्हणजे साधारण २१८ किलो. वीस वर्षांपूर्वी एवढ्याच गव्हाचे ५० शिलिंगांहून अधिक येत. भाव पडला तशी कुळं जमीन सोडून शहराची वाट धरू लागली. जी राहिली त्यांना खंडात सूट द्यावी लागली. ज्या उमराव घराण्यांचा सारा डामडौल या खंडावर चालत होता, त्यांच्या वाड्यांची डागडुजी थांबली. ‘डाउन्टन ॲबी’, ‘द बकनीअर्स’, ‘द गिल्डेड एज’ या मालिकांमध्ये अमेरिकेतल्या गडगंज बापांच्या लेकी इंग्लंडच्या लॉर्डांच्या आणि ड्यूकांच्या घरी सुना म्हणून जातात. त्या सोयरिकींचं मूळ या पडलेल्या भावात आहे. पडद्यावर झगे, झुंबरं आणि जेवणाची लांबलचक टेबलं दिसतात, आणि ती पाहायला सुंदर असतात. गहू मात्र कुठेच दिसत नाही. तो दिसला असता तर या मुली कोणत्या हिशेबात सापडल्या होत्या, हे प्रेक्षकांना अधिक नीट कळलं असतं.

हा स्वस्त गहू आला मुख्यतः अमेरिकेतून. तिथल्या पश्चिमेकडच्या अफाट माळरानांवर नांगर फिरला, रेल्वेने धान्य शिकागोहून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आणलं आणि आगबोटींनी ते लिव्हरपूलला उतरवलं. सुएझचा कालवा उघडल्यावर हिंदुस्थानचा गहूही याच बाजारात जाऊ लागला. पंजाबचा कराचीवरून गेला, मध्य प्रांताचा आपल्या मुंबई बंदरातून. परदेशी धान्यावरची जकात इंग्लंडने १८४६ मध्येच उठवायचं ठरवलं होतं. त्यामुळे जमीनदाराला आडोसा उरला नव्हता.

शिकागोकडून न्यूयॉर्ककडे माल वाहणाऱ्या मोठ्या मार्गांपैकी न्यूयॉर्क सेंट्रल हा व्हँडरबिल्ट घराण्याचा. या घराण्याचा मूळ पुरुष कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट होड्यांच्या धंद्यातून वर आला, रेल्वेत शिरला आणि १८७७ मध्ये मेला तेव्हा सुमारे १० कोटी डॉलर मागे ठेवून गेला. ज्या रुळांनी इंग्रज जमीनदाराचं उत्पन्न बुडवलं, त्यांच्याच नफ्यातून पुढे त्याच्या घरात हुंडा आला. कॉर्नेलियसची पणती कॉन्सुएलो १८९५ मध्ये नवव्या ड्यूक ऑफ मार्लबरोची पत्नी झाली. या घराण्याचा वाडा ब्लेनहाइम. तिथे पन्नासेक वर्षांत चार अमेरिकन सुना आल्या, म्हणून हा सगळा काळ समजून घ्यायला तो एक वाडा पुरेसा आहे.

ऑक्सफर्डजवळचा ब्लेनहाइम राजवाडा पहिल्या ड्यूकला १७०४ च्या लढाईतल्या विजयाबद्दल राष्ट्राने दिलेलं बक्षीस. बक्षीस भव्य होतं, पण ते सांभाळण्याइतकी मिळकत त्या घराण्याकडे पुढे उरली नाही. इंग्लिश रिवाजाप्रमाणे पदवी आणि जमीन थोरल्या मुलाकडे जात असे. धाकट्यांनी सैन्यात जावं, चर्चमध्ये जावं किंवा पैसेवाली बायको शोधावी. थोरला तरी कुठे मोकळा होता? जमीन करारांनी इतकी बांधलेली असे की तो तिचा उपभोग घेई, पण विकू शकत नसे. १८८२ च्या कायद्याने हे बंधन सैल झालं. मार्लबरो घराण्याने मात्र विकाविकी त्याआधीच सुरू केली होती. १८७५ मध्ये कोरीव रत्नांचा संग्रह गेला. १८८१ पासून सुप्रसिद्ध संडरलँड ग्रंथसंग्रह लिलावात निघाला. १८८५ मध्ये राफाएलचं मॅडोनाचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीने ७०,००० पौंडांना घेतलं. भिंतींवरचं असं एकेक उतरत गेलं, आणि मग पाळी आली मुलांच्या लग्नांची.

पहिली सून आली ती खरं तर प्रेमातून. ऑगस्ट १८७३ मध्ये काउझ बंदरातल्या नौकाशर्यतींच्या हंगामात सातव्या ड्यूकचा धाकटा मुलगा लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल एकोणीस वर्षांच्या जेनी जेरोमला भेटला आणि तीन दिवसांत लग्नाचं ठरवून बसला. तिचा बाप लिओनर्ड जेरोम न्यूयॉर्कचा सट्टेबाज. घोड्यांचा शौकीन, आज वर तर उद्या खाली. ड्यूकला हे स्थळ पसंत नव्हतं. मग वकिलांची पत्रापत्री झाली आणि त्यात दोन देशांच्या समजुती समोरासमोर आल्या. जेरोमचं म्हणणं, मुलीच्या नावे तिच्या हाती काही रक्कम राहिली पाहिजे. ड्यूकच्या वकिलांना हे विपरीत वाटलं. त्या वेळच्या इंग्लिश कायद्याने बायकोचा पैसा नवऱ्याचा होत असे. अखेर ५०,००० पौंडांवर आणि उत्पन्न दोघांत वाटून घेण्यावर तडजोड झाली. १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत लग्न लागलं. नोव्हेंबरच्या अखेरीस ब्लेनहाइममध्ये विन्स्टन जन्मला. बरोबर शंभर वर्षांनी, १९७४ मध्ये, थेम्स टेलिव्हिजनने जेनीवर मालिका केली. ली रेमिक या अमेरिकन नटीने ती भूमिका केली. एका अमेरिकन सुनेचं अख्खं आयुष्य सलग मांडणारी ती मालिका होती, आणि ती लग्नाच्या मांडवापाशी थांबली नाही, हे तिचं मोठेपण आहे.

दुसरी सून लिली हॅमर्सली, न्यूयॉर्कची श्रीमंत विधवा. घटस्फोटाने बदनाम झालेल्या आठव्या ड्यूकशी तिने १८८८ मध्ये लग्न केलं. तिच्या पैशातून ब्लेनहाइममध्ये विजेचे दिवे आले, ऊब आली, ग्रंथालयात भलाथोरला ऑर्गन बसला. तिच्यावर कुणी मालिका काढलेली नाही.

तिसरी कॉन्सुएलो. तिच्याकडे वळण्याआधी न्यूयॉर्ककडे पाहावं लागतं, कारण अमेरिकन बापांनी (आणि विशेषतः आयांनी) हे सौदे का केले याचं उत्तर तिथे आहे. डच काळापासूनची जुनी घराणी तिथे समाजाची दारं राखून बसली होती आणि त्यांच्या अग्रभागी होत्या मिसेस ॲस्टर. रेल्वे, खाणी, दुकानं यांतून वर आलेल्या नव्या श्रीमंतांना तिथे प्रवेश नव्हता. व्हँडरबिल्टांची सून आल्व्हा ही दक्षिणेतल्या अलाबामाची. यादवी युद्धात तिच्या माहेरची संपत्ती गेली होती. तिने फिफ्थ ॲव्हेन्यूवर फ्रेंच राजवाड्यासारखं घर बांधलं आणि २६ मार्च १८८३ च्या रात्री तिथे वेशभूषेचा असा बॉल दिला, की आमंत्रण मिळावं म्हणून मिसेस ॲस्टरना आधी तिच्या दारी आपलं भेटपत्र पाठवावं लागलं. जुन्या ऑपेरागृहात बॉक्स मिळेना तेव्हा नव्या धनिकांनी स्वतःचं मेट्रोपॉलिटन ऑपेराच उभं केलं. तेही १८८३ मध्येच. ‘गिल्डेड एज’चा दुसरा हंगाम याच उद्घाटनाच्या रात्रीपाशी संपतो. त्यातली बर्था रसेल ही उघडच आल्व्हा, आणि तिची मुलगी ग्लॅडिस ही कॉन्सुएलो. घरच्या दारी जी प्रतिष्ठा झगडून मिळवावी लागत होती, ती परदेशी पदवीने एका फटक्यात येत असे. डचेसला दार कोण लावणार? १८९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक यादीच छापून निघत होती. उमरावांशी लग्न झालेल्या अमेरिकन स्त्रियांची नावं तिच्यात होती, शिवाय अजून अविवाहित असलेल्या सरदारांचीही.

आल्व्हाने आपल्या मुलीला याच दिवसासाठी घडवलं. पाठ ताठ राहावी म्हणून अभ्यासाच्या वेळी कण्यालगत लोखंडी सळई बांधली जाई, असं कॉन्सुएलोने आत्मचरित्रात लिहिलं आहे. नाव ठेवलं गेलं ते आल्व्हाच्या मैत्रिणीवरून. ही मैत्रीण कॉन्सुएलो इझ्नागा १८७६ मध्येच ड्यूक ऑफ मँचेस्टरच्या वारसाशी लग्न करून गेली होती, आणि ईडिथ व्हॉर्टनने ‘द बकनीअर्स’ या आपल्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीतली कॉंचिता तिच्याचवरून बेतली. अठराव्या वर्षी मुलीचं मन विन्थ्रॉप रदरफर्ड या न्यूयॉर्कच्या देखण्या तरुणावर बसलं. मग न्यूपोर्टचं मार्बल हाउस तिचा तुरुंग झालं. १ कोटी १० लाख डॉलर खर्चून बांधलेल्या, नुसत्या संगमरवरासाठी ७० लाख मोजलेल्या त्या घरात तिची पत्रं अडवली गेली. आईने त्या तरुणाला गोळी घालण्याची धमकी दिली, मग हृदयविकाराचा झटका आल्याचं सोंग केलं. मुलीने मान तुकवली. ड्यूकने मागणी घातली त्याच घरात.

६ नोव्हेंबर १८९५ ला न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये लग्न लागलं. नवरी उशिरा पोहोचली, कारण रडून सुजलेले डोळे निवळायला वेळ लागला. रस्त्यावर बघ्यांची झुंबड होती. वर्तमानपत्रांनी तिची अंतर्वस्त्रंसुद्धा वर्णन करून छापली. आल्व्हाने नुकताच घटस्फोट घेतला असल्याने व्हँडरबिल्टांपैकी बापाखेरीज जवळपास कुणाला बोलावणं नव्हतं. करारात बीच क्रीक रेल्वे कंपनीचे ५०,००० शेअर होते. त्यांची किंमत २५ लाख डॉलर, आणि त्यांवर किमान ४ टक्के लाभांशाची हमी न्यूयॉर्क सेंट्रलची. हे उत्पन्न ड्यूकला हयातभर. याशिवाय दोघांनाही दर वर्षी प्रत्येकी १ लाख डॉलर. गव्हाच्या गाड्या ज्या कंपनीच्या रुळांवरून धावत, त्याच कंपनीची सही या लग्नाच्या कागदाला तारण होती. मला हा कागद त्या काळातल्या कोणत्याही झग्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. लग्नानंतर ड्यूकने तिला सांगून टाकलं, की आपलं प्रेम दुसऱ्या मुलीवर होतं आणि ब्लेनहाइमसाठी आपण ते सोडलं. दोन मोडलेल्या प्रेमांवर हा संसार उभा राहायचा होता.

इंग्लंडला पोहोचल्यावर तिला नवऱ्याच्या आजीसमोर उभं केलं गेलं. आजीने सुनेचं पहिलं कर्तव्य सांगितलं: मुलगा झाला पाहिजे, नाहीतर तो आगाऊ विन्स्टन ड्यूक होईल. यात अतिशयोक्ती नव्हती. रँडॉल्फ जानेवारी १८९५ मध्येच वारले होते आणि त्या घडीला जेनीचा मुलगाच वारसदार होता. १८९७ मध्ये कॉन्सुएलोला मुलगा झाला तेव्हा ती चिंता मिटली. पुढच्या वर्षी दुसराही झाला. ब्लेनहाइमचं घर प्रचंड, थंड आणि मानपानाने जखडलेलं. शेकोटी पेटवायला सांगितलं तर बटलरने ते आपलं काम मानलं नाही, त्यासाठी फूटमनला पाठवतो म्हणाला. रोजचं उरलेलं जेवण गावातल्या गरिबांना जात असे, पण मांस, भाज्या, गोड असं सगळं एकाच डब्यात कोंबलेलं. तिने ते वेगवेगळ्या डब्यांत द्यायला लावलं. एवढी साधी गोष्ट तिथे कुणाला सुचली नव्हती, आणि गावाने ती लक्षात ठेवली.

त्याच १८९५ सालच्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला आणखी एक लग्न झालं होतं, आणि ते आपल्या इतिहासाला येऊन भिडतं. शिकागोच्या लेव्ही लायटरची मुलगी मेरी हिने जॉर्ज कर्झनशी लग्न केलं. लायटर हा मार्शल फील्डचा एके काळचा भागीदार. कापडाचं दुकान आणि जमिनी यांतून त्याने अमाप पैसा केला. हे लग्न सुखाचं होतं. १८९८ च्या अखेरीस मेरी मुंबईत उतरली ती व्हाइसरॉयची पत्नी म्हणून, आणि कलकत्त्याच्या ज्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये राहायला गेली ते कर्झनच्या वडिलोपार्जित केडलस्टनवरूनच बेतलेलं होतं. आपल्याकडे कर्झन आठवतो वंगभंगासाठी. त्याच्या कारकिर्दीच्या आरंभीच, १८९९-१९०० मध्ये, मुंबई इलाख्यासह मोठ्या मुलखावर भीषण दुष्काळ पडला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, जानेवारी १९०३ मध्ये, दिल्लीचा दरबार भरला. त्यातल्या बॉलला मेरीने घातलेला मोरपिसांचा झगा जगभर गाजला. त्यावरची जरदोजी दिल्लीच्या कारागिरांची, त्यात भुंग्यांचे हिरवे पंख जडवलेले, आणि शिवण पॅरिसच्या वर्थकडची. तो आज केडलस्टनमध्ये जतन करून ठेवला आहे. दरबाराच्या पाहुण्यांत ड्यूक आणि डचेस ऑफ मार्लबरो होते. शिकागोच्या दुकानाची लेक यजमानीण, न्यूयॉर्कच्या रेल्वेची लेक पाहुणी. मेरी १९०६ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेली. तिला तीन मुली होत्या, मुलगा नव्हता. वारसाच्या नियमांपुढे हे सुखी लग्नही अपुरंच ठरलं.

‘डाउन्टन ॲबी’ची पहिली गाठ हीच आहे. सिनसिनाटीच्या कोराचा पैसा नवऱ्याच्या जहागिरीत असा बांधला गेलेला असतो की मुलगा नसल्यामुळे पदवी, घर आणि तिचा पैसाही दूरच्या चुलतभावाकडे जाणार. मालिकेचा लेखक ज्युलियन फेलोजने ही गोष्ट अमेरिकन वारसदारणींवरचं एक पुस्तक वाचताना सुचल्याचं सांगितलं आहे. पुढे तिचा नवरा तो पैसा कॅनडाच्या ग्रँड ट्रंक रेल्वेत घालवतो, हाही त्या काळाशी धरून असलेला तपशील. चित्रीकरण झालं त्या हायक्लेअर वाड्याला मात्र अमेरिकेने वाचवलं नव्हतं. तिथली सून अल्मिना हीसुद्धा १८९५ मधलीच नवरी, आणि तिच्या मागे लंडनच्या आल्फ्रेड डी रॉथशिल्डचा पैसा होता. तूतनखामेनच्या शोधाचा खर्च तिचा नवरा कार्नार्व्हन याला झेपला, त्यामागे हा पैसा मोठा होता.

फेलोजविषयी माझी तक्रार दुसऱ्या ठिकाणी आहे. त्याची कोरा पैशासाठी निवडली जाते आणि वर्षभरात नवऱ्याची लाडकी होते. त्याच्याच ‘गिल्डेड एज’च्या तिसऱ्या हंगामात ग्लॅडिस रडत बोहल्यावर चढते, आणि हंगाम संपतो तेव्हा ड्यूकबरोबर रमलेली, बाळाची वाट पाहणारी दिसते. म्हणजे आईने केलं ते बरंच झालं, असा कौल प्रेक्षकाच्या मनात उतरतो. असे संसार होत नव्हते असं नाही. १९०३ मध्ये ड्यूक ऑफ रॉक्सबरोशी लग्न केलेली मे गोलेट सुखात राहिली. पण ग्लॅडिस ज्या मुलीवरून घेतली आहे, तिच्या वाट्याला ते आलं नाही. खऱ्या जबरदस्तीची गोष्ट घेऊन तिला गोड शेवट लावला की त्या जबरदस्तीला आपोआप माफी मिळते. १९९५ च्या बीबीसीच्या ‘बकनीअर्स’ने नायिकेला ड्यूकचं घर सोडू दिलं. ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

कॉन्सुएलो १९०६ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली. रेल्वेचं उत्पन्न ड्यूककडे चालूच राहिलं. ती लंडनमध्ये राहिली, तुरुंगात गेलेल्यांच्या बायकांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी काम करू लागली आणि महायुद्धाच्या काळात लंडन काउंटी कौन्सिलची सदस्य झाली. इकडे आल्व्हाही बदलली होती. दुसऱ्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने आपला पैसा आणि हुकमी स्वभाव स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीला दिला. जुलै १९१४ मध्ये तिने स्त्रियांची परिषद भरवली ती मार्बल हाउसमध्ये, आणि व्यासपीठावर बोलायला उभी राहिली कॉन्सुएलो. ज्या घरात मुलीची पत्रं अडवली त्याच घरात मुलीला ऐकायला आईने माणसं जमवली होती.

१९२१ मध्ये घटस्फोट झाला. ड्यूकने लगेच ग्लॅडिस डीकनशी लग्न केलं. ब्लेनहाइमची ही चौथी अमेरिकन सून, आणि तो संसारही विस्कटला. कॉन्सुएलोने फ्रेंच वैमानिक जाक बाल्सां याच्याशी लग्न केलं. त्याचं घराणं कट्टर कॅथलिक. ड्यूकलाही त्याच धर्मात जायचं होतं. म्हणून पहिलं लग्न मुळात झालंच नव्हतं असा निवाडा चर्चकडून घेणं दोघांच्या सोयीचं होतं, आणि त्यासाठी मुलीवर बळजबरी झाल्याचं सिद्ध करावं लागणार होतं. १९२६ मध्ये सदर्कच्या धर्मपीठापुढे प्रकरण आलं. सत्तरी ओलांडलेली आल्व्हा साक्षीला उभी राहिली. मुलीवर आपली पूर्ण सत्ता होती, आपण तिला विनवलं नाही, हुकूम केला आणि आपल्या हुकमावर कुणी वाद घालत नसे, असं तिने शपथेवर सांगितलं. रोमने निवाडा कायम केला.

‘गिल्डेड एज’ अजून चालू आहे. बर्था रसेलला त्यांनी एकदा या पीठापुढे न्यावं, अशी माझी इच्छा आहे. म्हातारी झालेली, आता शेकडो स्त्रियांच्या हक्कांसाठी भांडणारी बर्था तिथे असावी. मुलीला सोडवायचं असेल तर तीस वर्षांपूर्वी आपण काय केलं ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं, आणि ग्लॅडिसने समोर बसून ते ऐकावं.